झरोक्याचा वाटा

टकटकबाबांनी कात्री हातात घेतली की घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. कात्री अगदी साधी होती, टोकं बोथट झालेली, मुठीला सुतळी गुंडाळलेली. पण त्या घरात वात कापायचा हक्क एकट्या बाबांचा होता. साच्यातून निघालेली मेणबत्ती वीतभर वात मिरवत टेबलावर उभी राही. बाबा ती डाव्या हाताने उचलत, कानाशी नेत आणि तर्जनीच्या नखाने तिच्या अंगावर टकटक करत. आवाज खणखणीत आला की वात बोटभर ठेवून कापत आणि कापलेलं टोक सदऱ्याच्या खिशात टाकत. आवाज भद्द आला की मेणबत्ती परत पातेल्यात. वात न कापलेली मेणबत्ती त्या घराच्या बाहेर कधी गेली नाही. गल्लीने त्यांना टकटकबाबा म्हणायला सुरुवात केली ती यावरूनच. त्यांना ते नाव मनातून आवडत असावं, कारण एरवी नाकावर माशी न बसू देणारा हा माणूस त्या हाकेला मात्र ओ द्यायचा.

आणि सूनबाईंना ती कात्री हवी होती. यात लपवाछपवी काही नव्हती, साऱ्या घराला ते ठाऊक होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मेणातलं ओ की ठो कळत नव्हतं. नवरा टेम्पोतून माल पोचवायला गावोगाव फिरायचा, सासूबाईंचे गुडघे धरलेले, तेव्हा हळूहळू भट्टीचं सगळं काम त्यांच्या अंगावर आलं. मेण वितळवायचं त्यांनी, साचे तापवायचे त्यांनी, ओतायचं त्यांनी, आणि शेवटी एका खुर्चीत बसून बाबांनी नख वाजवून त्यांच्या दिवसभराच्या मेहनतीचा निकाल लावायचा. बाबांचे हात आता थरथरत. कात्री वातीला लागायच्या आधी दोनदा हवेत चाले. तरी "द्या, मी कापते" असं सूनबाई म्हणाल्या, की बाबा कात्री मांडीखाली सरकवत. लहान मुलं खाऊ लपवतात तशी!

मेणही साधंसुधं नव्हतं. ते पामचं मेण. पोत्यातून येताना भरड मिठासारखं दिसणारं, पण तालेवाराच्या घरचा जावई परवडला असे त्याचे नखरे. ते उकळीच्या जवळ नेऊन, तापवलेल्या साच्यात ओतावं लागतं आणि मग अगदी सावकाश निवू द्यावं लागतं. तसं निवलं तर मेणबत्तीच्या अंगावर पिसांसारखी नक्षी उमटते. घरात त्याला 'फूल येणं' म्हणत. निवताना ते आतून पोकळ होतं, म्हणून वातीच्या भोवती सळई खुपसून हवा काढायची, वर पुन्हा गरम मेण घालायचं. घाई केली की फूल नाही. गारठ्याची एक झुळूक लागली की तडा. आणि तडाही लगेच दिसेल तर शपथ. आतल्या आत चिरायचं आणि बाहेरून हसत उभं राहायचं, अशी त्याची तऱ्हा. म्हणून तर ती टकटक.

हिवाळ्यात यासाठी घराच्या आतल्या टोकाला एक खोली राखलेली होती. खिडकी नाही, एक दार, चारी बाजूंना फळ्या आणि मध्ये कोळशाची शेगडी. ओतलेले साचे तिथे ठेवायचे, साच्यातून निघालेल्या मेणबत्त्याही तिथेच कागदात गुंडाळून, पेंढा भरलेल्या खोक्यांत जाईपर्यंत राहायच्या. त्या खोलीला उत्तरेच्या भिंतीत, छताजवळ, एका विटेएवढा झरोका होता. कोळशाच्या विषारी वाफेला वाट म्हणून बाबांच्या वडिलांनी तो ठेवला होता. झरोक्यातून वाफ जायची तशी थंडीही आत यायची, आणि त्याच्या खालच्या फळीवरच्या मेणबत्त्या दर हिवाळ्यात तडकायच्या. भरलेली फळीच्या फळी पुन्हा पातेल्यात. सूनबाई हळहळल्या की बाबा म्हणत, "तो झरोक्याचा वाटा. तो द्यायचा आणि गप्प बसायचं." दुसरा नियमही त्यांचाच होता: शेगडी पेटलेली असताना आत जायचं, पाहायचं आणि बाहेर यायचं. बूड टेकायचं नाही. तपासणीसुद्धा बाहेर, भट्टीजवळच्या टेबलावर.

त्या वर्षी थंडीने कहर केला. नळ गोठले. भट्टीजवळ ठेवलेला पाण्याचा पेला सकाळी उपडा केला तर पाणी पेल्याच्याच आकारात बाहेर आलं. मेणबत्त्यांच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. साचे नीट तापवलेले, मेण कडकडीत, तरी खोलीतून बाहेर टेबलावर आणेपर्यंत मेणबत्त्या तडकत. टच्च असा बारीक आवाज येई, सुकी काडी मोडल्यासारखा. एकदा तर बाबांच्या हातातच एक तडकली आणि त्यांनी सूनबाईंकडे असं पाहिलं, की जणू त्यांनीच ती चिमटा काढून तडकवली.

"ओतताना मेण गार असणार," बाबा म्हणाले.

"गार नव्हतं, बाबा. हात भाजलाय माझा, बघा."

"मग साचा गार."

"साचा मी फडक्याने धरत होते. थंडी किती पडलीय ते बघा की! आणि त्या झरोक्यातून तर नुसता बर्फ येतोय."

"माझ्या वडिलांच्या वेळीही थंडी पडायची. ते झरोक्याला नावं ठेवत नव्हते."

सूनबाईंचा तोल गेला. इतक्या वर्षांत त्या बाबांना उलटून बोलल्या नव्हत्या, त्या दिवशी बोलल्या. "एक खेप मला माझ्या मनाने करू द्या. मध्ये बोलायचं नाही. एकही तडा गेला नाही, तर कात्री मला द्यायची."

सासूबाई दारात उभ्या होत्या. बाबा म्हणाले, "झरोक्याच्या फळीसकट?"

"झरोक्याच्या फळीसकट."

"बघू," बाबा म्हणाले आणि उठून आत गेले. त्यांच्या तोंडी 'बघू' म्हणजे होकारच. सूनबाईंना ते कळलं आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्या खेपेला त्यांनी जिवाचं रान केलं. साचे भट्टीच्या तोंडाशी मांडले, मेण धूर सुटायच्या जरा अलीकडे आणलं, ओतलं, सळई खुपसली, पुन्हा ओतलं. घरातल्या गोधड्या काढून साच्यांभोवती लपेटल्या. आणि संध्याकाळी स्टूल घेऊन त्या झरोक्यापाशी चढल्या. सासूबाईंच्या जुन्या हिरव्या शालीचा एक तुकडा भांडी पुसायला ठेवलेला होता. तो त्यांनी घट्ट गुंडाळला, वितळलेल्या मेणात बुडवला आणि गरम असतानाच झरोक्यात दाबून बसवला. मेणवाल्याच्या घरचं बूच ते, केसाला शिरायला जागा राहिली नाही. त्यांनी हात लावून पाहिला. थंडी थांबली होती.

वाफेचं त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. नियम त्यांना पाठ होते. पण त्यांनी असा विचार केला, की आत बसतंय कोण? जायचं, कोळसा घालायचा, बाहेर यायचं. दोन दिवसांचा तर प्रश्न. खेप बाहेर निघाली की बोळा काढू, कोणाला कळणारही नाही. माणूस स्वतःच्या मनाशी वकिली करायला बसला, की त्याच्याएवढा हुशार वकील दुसरा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आत गेल्या तेव्हा खोली उबेने भरली होती. त्यांनी साचे उघडले. एकेक मेणबत्ती सुळकन निघाली, आणि अंगावर असं फूल, की त्यांना हसूच फुटलं. सगळ्या त्यांनी फळ्यांवर उभ्या केल्या, झरोक्याच्या फळीवरही. शेगडीत कोळसा घातला. दार लावून बाहेर आल्या तेव्हा डोकं ठणकत होतं आणि पायाखालची फरशी किंचित हलल्यासारखी वाटली. झोप झाली नाही म्हणून असेल, असं म्हणून त्यांनी तोंडावर पाणी मारलं. मग खोकी आणायला बाजारात गेल्या. जाताना खुर्चीतल्या बाबांना म्हणाल्या, "दुपारपर्यंत निवतील, मग बाहेर आणते. तेव्हा तपासा."

बाबा कात्रीला तेल लावत बसले होते.

बाजारातून यायला उशीर झाला. खोकीवाल्याचं दुकान थंडीने उशिरा उघडलं, आणि उघडल्यावर त्याला गप्पा मारायची हुक्की आली. खोक्यांची चळत डोक्यावर घेऊन सूनबाई घरात शिरल्या तेव्हा बाबांची खुर्ची रिकामी होती. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी ओरडून सांगितलं, "ते भट्टीत असतील बघ." भट्टीत कोणी नव्हतं. टेबलावर कात्री नव्हती.

खोकी तिथेच टाकून सूनबाई आत धावल्या.

आतल्या खोलीचं दार बंद होतं, आणि खालच्या फटीत आतून एक गोणपाट दाबलेलं होतं. त्यांनी खांद्याने धक्का मारला. आदल्या संध्याकाळी त्या ज्यावर चढल्या होत्या त्याच स्टुलावर बाबा भिंतीला टेकून बसले होते. मान छातीवर झुकलेली, गाल लहान मुलासारखे लालसर. किती छान ऊब लागलीय त्यांना, असं क्षणभर सूनबाईंच्या मनात आलं. तो क्षण पुढे जन्मभर त्यांना पुरला. "बाबा," त्यांनी हाक मारली. खांदा हलवला. मान दुसरीकडे कलंडली.

त्यांनी आधी काय केलं? आधी त्या फळीवर पाय देऊन चढल्या आणि झरोक्यातला बोळा उपसून काढला. मग तो स्वेटरच्या खिशात कोंबला. आणि मग ओरडल्या. हा क्रम त्यांना नंतर आठवत राहिला, विसरायचा म्हटला तरी.

गल्लीतली माणसं धावून आली. बाबांना बाहेरच्या खोलीत आणलं. त्यांच्या मांडीवर एक मेणबत्ती होती, वात न कापलेली. ती कोणीतरी उचलून बाहेरच्या कपाटावर ठेवली. खिसा वातीच्या टोकांनी गच्च भरला होता. डॉक्टर आले, डोळे पाहिले, नखं पाहिली, शेगडी कुठे आहे विचारलं आणि आतल्या खोलीत जाऊन आले.

"हवेला वाट आहे ना या खोलीला?"

"आहे की," एक शेजारी म्हणाला. "तो काय झरोका. त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आहे."

डॉक्टरांनी झरोक्याकडे पाहिलं. त्यातून चांगलं आभाळ दिसत होतं. "मग आश्चर्य आहे," ते पुटपुटले. "वय झालेलं, छातीही कमजोर. अशांना थोडी वाफही पुरते." सूनबाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. खिशात बोळा होता.

नवरा दुपारी आला. टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच सोडून पळत आला, आणि बापाच्या पायांशी बसून मोठ्याने रडला. बाहेरच्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती, कोणी काही बोलत नव्हतं. आणि त्या शांततेत आतल्या खोलीतून आवाज आला. टच्च.

शेगडी विझवलेली होती. दार सताड उघडं, झरोका उघडा, आणि बाहेरचा गारठा मोकाट सुटलेल्या जनावरासारखा त्या खोलीत शिरला होता. टच्च. मग जरा वेळाने आणखी एक. बसलेल्यांपैकी कोणाला तो आवाज कसला ते कळलं नाही. घरातल्या तिघांना कळलं. बाबांना तर सगळ्यात आधी कळला असता.

नवऱ्याने डोळे पुसले आणि हलक्या आवाजात विचारलं, "आई, दार लावून घेऊ का? झरोक्याला काहीतरी लावतो. सगळ्या जातील गं."

"उघडाच राहू दे," सासूबाई म्हणाल्या. त्या सुनेकडे पाहत नव्हत्या. "झरोका उघडा राहू दे."

सूनबाईंचा हात खिशावर गेला.

संध्याकाळी पुढच्या तयारीसाठी नवरा चार माणसांबरोबर बाहेर पडला. बाकीचे एकेक करून उठले. बाबांजवळ दोघी उरल्या. सासूबाई भिंत धरून उठल्या, "ये," म्हणाल्या, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी आतल्या खोलीत गेल्या. सूनबाई मागोमाग गेल्या.

खोली बर्फासारखी झाली होती. फळ्यांवर मेणबत्त्या ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांच्या वाती कापलेल्या होत्या. पहिली फळी, दुसरी, तिसरी, सगळ्या. प्रत्येक वात बोटभर, थोडी वाकडी, थरथरत्या हाताने कापलेली. झरोक्याची फळी त्यांनी शेवटी ठेवली असणार. तिच्यावरच्याही कापून झाल्या होत्या, एका मेणबत्तीची जागा तेवढी रिकामी होती. बाबांनी एकही नापास केली नव्हती. आता त्यांच्या अंगावरून तडे गेले होते, फुलांच्या मधून, वरपासून खालपर्यंत.

"सकाळी मी म्हटलं, आत कशाला जाता, ती आल्यावर बाहेर आणेल," सासूबाई म्हणाल्या. "तर म्हणाले, आज बाहेर आणल्या तर तडकतील. पोरीने खपून केल्यात. मीच आत जाऊन तपासतो, दार नीट लावून घेतो, म्हणजे गारठा जायचा नाही आत. मला वाटलं, थोड्या वेळात बाहेर येतील. मी भाजी चिरत बसले. भट्टीतच काही करत असतील असं धरून चालले."

तोंडावर कधी 'पोरी' म्हणाले नव्हते ते. सूनबाईंनी खिशात हात घातला. बोळा गारठ्याने दगड झाला होता. त्यांनी तो बाहेर काढून सासूबाईंच्या पुढे धरला.

"आई, झरोका मी बुजवला होता."

"माहीत आहे मला," सासूबाई म्हणाल्या. "वर बघ. विटांना मेण चिकटलंय. फूलही आलंय त्याच्यावर. चांगलं कडकडीत होतं तुझं मेण." त्यांनी बोळ्याकडे पाहिलं, हात मात्र लावला नाही. "आणि ही माझी शाल."

"मग डॉक्टरांपुढे…"

"डॉक्टरांपुढे काय? सांगितलं असतं तर हे उठून बसले असते का? माझ्या घरातलं आणखी एक माणूस गेलं असतं, एवढंच."

सूनबाई खाली बसल्या आणि रडू लागल्या. दिवसभर न आलेलं रडू होतं ते, थांबायचं नाव घेईना. सासूबाईंनी त्यांना जवळ घेतलं नाही. उभ्या राहून रडू ओसरायची वाट पाहिली.

"मी तुला माफ केलंय असं समजू नकोस," त्या म्हणाल्या. "ते मला जमेल की नाही, माझं मलाच ठाऊक नाही. पण त्यांनी शब्द दिला होता. मी दारात होते, मी ऐकलाय." आणि बाबांच्या हातातून सोडवून घेतलेली कात्री त्यांनी पुढे केली. मुठीची सुतळी बाबांच्या घामाने काळी पडली होती.

"नको, आई."

"नको कसं? एवढ्यासाठीच तर केलंस ना सगळं? धर."

सूनबाईंनी कात्री धरली. सासूबाई बाहेरच्या खोलीत जाऊन कपाटावरची ती मेणबत्ती घेऊन आल्या. बाबांच्या मांडीवरून उचललेली, माणसांच्या उबेत राहिलेली, एवढी एकच होती जिची वात अजून लांब होती.

"वाजव."

सूनबाईंनी मेणबत्ती कानाशी नेली. नखाने टकटक केलं. हात बाबांच्या हातासारखाच थरथरत होता, म्हणून त्यांनी पुन्हा एकदा केलं.

"कशी आहे?"

"चांगली आहे, आई. तडा नाही."

"मग काप."

त्यांनी वात कापली. टोक जमिनीवर पडलं. मागच्या फळीवर टच्च आवाज झाला, आणि दोघींपैकी कोणीही वळून पाहिलं नाही.